सात नंबरची कुपी

माझ्या बहिणीच्या नंबराखाली साठवलेलं रक्त तिचं नव्हतं, हा संशय मला ती गेल्यावर पंधराव्या दिवशी आला. तेरावं उरकलं होतं, पाहुणे पांगले होते. भाचा शेताकडे गेला होता. केजजवळच्या त्या गावात मी तिच्या ओट्यावर बसून तिची वही चाळत होतो.

वही म्हणजे आमच्या अभ्यासाची हजेरी. मी जीवरसायनशास्त्राचा माणूस. माझी सगळी नोकरी मधुमेह आणि इन्सुलिन या दोन शब्दांभोवती गेली. तिच्या गावातल्या निवडक माणसांचं रक्त आम्ही वर्षातून तीनदा उपाशीपोटी घ्यायचो: श्रावणात, दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास. कोण आलं, कोण आलं नाही, हे अक्का लिहून ठेवायची. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, अक्षर गोल आणि सावकाश. वहीत नावं नव्हती, नुसते नंबर. तो माझा नियम होता. सात नंबर तिचा स्वतःचा.

एकोणीस नंबरापुढे लिहिलं होतं, 'उसाला गेली. गैरहजर.' पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'श्रावण'.

श्रावणात कोणी उसाला जात नाही. आमच्या जिल्ह्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. श्रावणात कारखान्यांची धुराडी थंड असतात. मी पुढची पानं उलटली. दिवाळीनंतरच्या फेरीत एकोणीसपुढे तेच. होळीच्या फेरीत तेच. पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. ही सगळी पानं मी दर फेरीला स्वतः तपासून संगणकात उतरवली होती. दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्यावर मी संशय घ्यायचो, पण या ओळीवर माझी नजर कधी अडली नव्हती. ती अक्काच्या अक्षरात होती, एवढंच कारण.

एकोणीस नंबर म्हणजे शेजारची बाई. भिंतीला भिंत लागून घर.

इथपर्यंत कसं आलो ते आधी सांगतो.

आमचं गाव माजलगावच्या धरणात गेलं तेव्हा मी लहान होतो आणि अक्काचं लग्न नुकतंच झालं होतं. वडील पुनर्वसनाच्या गावठाणात फार दिवस जगले नाहीत. काटकुळे होते. शेवटच्या वर्षात त्यांना सारखी तहान लागायची, अंगणातल्या रांजणापाशीच बसून राहायचे, आणि अंगावरचा सदरा महिन्या-महिन्याला मोठा होत जायचा. कोणी म्हणालं क्षय, कोणी म्हणालं गाव बुडाल्याचं मनाला लावून घेतलं. पुढे कॉलेजात मधुमेहाचा धडा वाचताना मला एकदम तो रांजण दिसला. पण पुस्तकातला रोगी लठ्ठ होता, बैठं काम करणारा, तूपकट खाणारा. माझे वडील त्यात कुठंच बसत नव्हते. पुस्तकावर घेतलेला तो माझा पहिला संशय. त्यातूनच मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पोचलो आणि सडपातळ, कष्टकरी माणसांना होणारा मधुमेह हाच माझा विषय झाला. अशा माणसांच्या शरीरात इन्सुलिन मुळातच कमी तयार होतं, की तयार होतं पण पुरत नाही? रोग दिसायच्या आधी किती वर्षं हे चालू असतं? हे शोधायचं तर धडधाकट माणसं घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहावं लागतं.

मी अक्काचं गाव निवडलं. कागदावर त्याची शास्त्रीय कारणं दिली, ती खोटी नव्हती.

भल्या पहाटे ओट्यावर सतरंजी अंथरली जायची. अक्का घरोघरी जाऊन हाक मारायची, 'उठा बायांनो, चूळ भरा आन् या, च्या पिऊ नका.' रक्त काढायला केजचा एक माणूस होता. चाळिशीचा, बोलायला कमी, हाताचा फार हलका. गावात त्याला 'लॅबवाले' म्हणत. शीर सापडत नाही अशा म्हाताऱ्यांच्या हातातूनही तो एका टोचण्यात रक्त काढायचा. नळ्या भरल्या की तिथंच ओट्यावरच्या यंत्रात फिरवायच्या, वरचा पिवळसर भाग छोट्या कुप्यांत घ्यायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा, की जीप पुण्याला निघाली. जादा कुप्या उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवायच्या. पुढे काही नवं सुचलं तर असाव्यात म्हणून.

सुरुवातीच्याच एका फेरीत मी लॅबवाल्यांना एका म्हाताऱ्याच्या हातातून दोन नळ्या भरायला सांगितल्या आणि दोन्हींवर वेगवेगळे नंबर चिकटवले. अक्का बघत होती.

'एकाच हाताच्या दोन नळ्या? कावून रं?'

'पुण्याच्या यंत्राला कळू नये म्हणून. दोन्हींचा आकडा सारखा आला तर यंत्र खरं.'

'म्हंजी तू मशीनीला फशीवतो.'

'तपासतो.'

ती हसली. 'मशीनीवर बी तुझा इश्वास न्हाई. मग हाय तरी कशावर?'

'तुझ्या वहीवर,' मी म्हणालो. तेव्हा ते गमतीत म्हणालो होतो.

त्याच दिवशी तिनं आणखी एक विचारलं. एखाद्याला साखर निघाली तर पुढं काय? मी सांगितलं, मग त्याचं आपल्याकडचं काम संपलं, तो डॉक्टरांकडे जाणार. वहीत त्याच्यापुढं रेघ मारायची. तिनं मान हलवली आणि बायकांना चहा द्यायला आत गेली. हे बोलणं मला आज शब्दाशब्दानं आठवतं. त्यानंतर कितीतरी वर्षं ते आठवण्याचं कारण पडलं नव्हतं.

अभ्यासाला पाच वर्षं झाली असतील तेव्हा पुण्यात आकडे पडताळताना मला एक जोडी दिसली. सात आणि एकोणीस. साखर सारखी, इन्सुलिन सारखं, चरबीचे आकडे सारखे. यंत्राच्या चुकीइतका फरक, त्याहून जास्त नाही. मी आधीच्या फेऱ्या उघडल्या. सलग तीन फेऱ्या हीच जोडी. दोन वेगळ्या बायांचं रक्त इतकं जुळत नाही. सख्ख्या बहिणींचंही जुळत नाही. म्हणजे एका हातातून दोन नळ्या भरल्या होत्या.

कोणी, यात मला शंका नव्हती. रक्त काढणारा माणूस एकच होता. कंटाळा आला असेल, परतायची घाई असेल, आणि दोन नळ्यांची युक्ती तर मीच त्याला शिकवलेली. पुढच्या फेरीला मी न कळवता आदल्या दिवशीच गावात पोचलो. सकाळी काम उरकल्यावर ओट्यावरच, अक्काच्या समोर, लॅबवाल्यांपुढं कागद ठेवला.

त्यांनी तो शांतपणे वाचला. मग माझ्याकडे न बघता अक्काकडे बघितलं. ती चहा गाळत होती. त्या नजरेचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला: अपराधी माणूस घरातल्या मायेच्या बाईकडे आसरा शोधतो आहे.

'सात आन् एकोणीस एकाच हातातल्या हायेत, असं तुमाला वाटतंय का सर?'

'वाटत नाही. दिसतंय.'

'मग तसं लिवा.'

'तुम्हाला काही सांगायचं नाही?'

'न्हाई.'

मी अक्काला विचारलं, 'तुझं रक्त घेतलं ना यांनी? आज? मागच्या वेळी?'

'घेतलं की,' ती म्हणाली आणि पदर सारून कोपराच्या वळातली पांढरी चिकटपट्टी दाखवली. 'हे बघ.'

पट्टी बघितली. पट्टीखाली काय आहे, ते बघायचं मला सुचलं नाही.

लॅबवाल्यांना मी त्याच आठवड्यात कामावरून काढलं. अहवालात लिहिलं की एका क्षेत्रीय कर्मचाऱ्यानं नमुन्यांत गैरप्रकार केल्यामुळं त्याच्या हातचे काही नमुने वगळले आहेत. छापील निबंधात तेच वाक्य तळटीपेत गेलं. नाव नव्हतं, पण त्या कामातली माणसं एकमेकांना ओळखतात. त्यानंतर कुठल्याही संशोधनाच्या कामावर त्यांना कोणी घेतलं नाही.

त्यांना काढल्यावर अक्का दोन वेळच्या जेवणाला माझ्याशी बोलली नाही. मग भाकरी ताटात टाकताना म्हणाली, 'त्याला परत घे. इमानी माणूस हाय त्यो.'

'इमान आकड्यांत दिसायला पाहिजे, अक्का.'

'तुझ्या आकड्यांत काय काय दिसतं रं दादा?'

मी धाकटा, तरी ती मला दादाच म्हणायची. तिचा टोमणा मला तेव्हा वैतागातून आलेला वाटला.

पुढच्या फेरीपासून रक्त काढायला एक नवी बाई आली, परगावची, गावात कुणाला न ओळखणारी. अक्का ओट्याच्या पायरीवर उभी राहून नंबर पुकारायची, आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बाया एकेक करून येऊन बसायच्या. मी त्या वेळी ओट्यावर नसायचो. मागच्या खोलीत यंत्रापाशी कुप्या भरत बसायचो, कारण तोंडं बघून रक्त तपासू नये असा माझाच दंडक होता. आणि काय आश्चर्य, जोडी नाहीशी झाली. सात एकटी राहिली, कारण एकोणीस 'उसाला' गेली होती. मी याचा अर्थ काढला तो असा: माणूस काढला, गैरप्रकार थांबला, म्हणजे माणूसच दोषी होता. याहून साफ पुरावा मला माझ्या उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. अक्काच्या पायाला चप्पल लागून जखम झाली होती, ती कुणाला न दाखवता हळद लावून हिंडत होती, आता पाय काळा पडलाय. मी पोचलो तेव्हा ती मोठ्या दवाखान्यात होती. एका तरुण डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं.

'यांना शुगर किती वर्षांपासून आहे?'

'तिला मधुमेह नाही,' मी म्हणालो. आणि वर आणखी सांगितलं, 'मी याच विषयात काम करतो. वर्षातून तीनदा तपासतो तिला.'

त्यांनी खाटेवरचं छोटं यंत्र उचलून माझ्यापुढं धरलं. 'काका, हे आकडाच दाखवत नाहीये, इतकी आहे.'

'जंतुसंसर्गात वाढते साखर.'

'वाढते. पण पायाची संवेदना चार दिवसांत जात नाही. डोळ्यांचे पडदे पण बघितले आम्ही. हे जुनं आहे.'

मला वाटलं, नवशिकी आहे, घाईत निदान करते आहे. मी तिला अक्काचे आकडे तोंडपाठ सांगितले, फेरीवार. ती ऐकत राहिली. मागे अक्का डोळे मिटून पडली होती. झोपलेली नव्हती, पापण्या हलत होत्या. तिनं सगळं ऐकलं असणार.

चौथ्या दिवशी ती गेली.

आता पुन्हा त्या पंधराव्या दिवसावर येतो. वही मांडीवर घेऊन मी भिंतीपलीकडं हाक मारली. एकोणीस नंबर हात पुसत आली. पस्तीस-छत्तीसची बाई, अक्काहून पंचवीसेक वर्षांनी लहान.

'वहिनी, तुम्ही मधे तीन-चार वर्षं उसाला जात होता का?'

'मी?' तिला राग आला. 'आमी कावून जाऊ उसाला? घरची बागायत हाय. आमच्या घरातलं आजवर कुणी कोयता घेतला न्हाई भाऊ. कुणी सांगितलं तुमाला?'

मी वही दाखवली. तिनं अक्षर ओळखलं. राग तिच्या तोंडावरून उतरला आणि ती चुलीवर दूध ठेवलंय म्हणून निघून गेली. दूध उतू गेल्याचा वास काही आला नाही.

पुण्याला परतल्यावर मी एक नियम मोडला. ज्या तपासण्यांची परवानगी घेतली होती, त्यात नसलेली एक तपासणी केली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यातून येणारं एक संप्रेरक बाईची पाळी कायमची गेली की रक्तात खूप चढतं आणि चढलेलंच राहतं. अक्का साठीला टेकलेली होती. सात नंबरच्या कुप्यांत ते चढलेलं असायलाच हवं होतं. गोठवणीतून मी तिच्या सगळ्या फेऱ्यांच्या कुप्या काढल्या, एका ओळीत लावल्या. पहिल्या काही कुप्यांवर नंबर टाकताना तिनं मला डिंकाची बाटली धरून मदत केली होती, ते आठवलं.

सुरुवातीच्या कुप्यांत ते चढलेलं होतं. ती माझी बहीण होती. मग एका श्रावणापासून पुढं, शेवटपर्यंत, आकडा खाली. पाळी चालू असलेल्या बाईचा.

मी तपासणी पुन्हा केली. नवी द्रावणं मागवून तिसऱ्यांदा केली. यंत्रावर संशय घेतला, कुप्यांवरच्या लेबलांवर घेतला, स्वतःच्या हातांवर घेतला. आकडे तेच आले.

पुढच्या आठवड्यात मी परत गावात गेलो. शेजारणीनं मला बघून दार लावलं नाही. खाली बसली, पदरानं जमीन पुसल्यासारखं करत म्हणाली, 'सावड व्हती भाऊ.'

सावड आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. आज तू माझ्या रानात खुरपायला ये, उद्या मी तुझ्या रानात येते. एकीच्या अंगात कसर असली तर दुसरी तिच्या जागी जाते, आणि तो दिवस लक्षात ठेवून फेडला जातो. पण रक्ताची सावड मी ऐकली नव्हती.

'अक्का माझ्या जागी खुरपायला यायच्या, मी त्यांच्या जागी सुई घ्यायचे. त्या म्हणल्या, नंबराचं काम हाय, नाव न्हाई, तोंड न्हाई, कुणी बी बसलं तर चालतंय. तुमीच म्हणं तसं करता, एकाचं रगत दोन नंबरानं. मला वाटलं ह्यात वंगाळ काय हाय? रान काय बघतंय व्हय, कुणी खुरपलं ते?'

'आणि तिला साखर आहे, हे माहीत होतं तुम्हाला?'

'गोळ्या खायच्या. दळणाच्या डब्यात ठेवायच्या. मला वाटलं, गोळ्यावर भागतंय.' मग म्हणाली, 'लॅबवाल्यास्नी इचारा. त्यास्नी सगळं ठावं हाय.'

लॅबवाल्यांनी केजच्या स्टँडजवळ स्वतःची छोटी लॅब टाकली आहे. एक खोली, बाहेर बाक. मी गेलो तेव्हा ते एका म्हातारीला लघवीची डबी कशी भरायची ते तिसऱ्यांदा समजावत होते. मला बघितलं, बसा म्हणाले, म्हातारीचं पूर्ण झाल्यावरच माझ्याकडं वळले.

'अक्का गेल्याचं कळलं. तेराव्याला आलतो मी. तुमी बघितलं न्हाई.'

मी कुप्यांचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग जे सांगितलं ते त्यांच्याच क्रमानं लिहितो.

एका श्रावणात रक्त काढायच्या आधी त्यांनी सहज तिचं बोट टोचून पट्टीवर साखर बघितली. साखर फार होती. तिनं त्यांचं मनगट धरलं. दादाला सांगू नका म्हणाली. दादाला कळलं तर वहीत रेघ मारील, काम संपलं म्हणेल, मग तो इकडं येईल कशाला?

'मी म्हणलं, अक्का, सर तुमचे सख्खे भाऊ हायेत. त्या म्हणल्या, भाऊ हाय, पर त्याला यायला काम लागतंय. माहेर पाण्यात गेलं, वर्षाला तीनदा येतंय तेवढं माहेर.'

मग ते गोळ्यांवर आले.

'गोळ्या मीच नेऊन द्यायचो. तुमी काढल्यावर बी. दोनदा हितं डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणले, आता गोळ्यावर भागणार न्हाई, इन्सुलिन घ्या. न्हाई म्हणल्या. घरात सुया सापडल्या तर दादाला कळंल.'

इन्सुलिन. मी तीस वर्षं ज्याचे थेंब मोजले ते.

'हे सगळं खरं कशावरून?' मी विचारलं. हा प्रश्न मी त्या खोलीत, त्या माणसाला, खरंच विचारला. लिहायला लाज वाटते, पण विचारला.

ते उठले, टेबलाचा खण ओढला आणि एक खिशातली डायरी माझ्यापुढं टाकली. पानापानावर तारीख, आकडा आणि शेजारी 'अक्का'. 'घ्या. तपासा. शाई बी तपासा.'

मी पानं चाळली. मी अक्काकडून पुण्याला निघालो की दोन-चार दिवसांत त्यांची एक नोंद असायचीच. माझ्या फेऱ्यांच्या मधल्या महिन्यांतही होत्या.

'तुम्ही तेव्हा ओट्यावर हे का सांगितलं नाही? तुमचं काम गेलं.'

'शब्द दिलता. आन् चूक मी बी केलती. सात नंबर लिवून दुसरीचं रगत घेतलं. म्हणून गप गेलो.'

'आणि ती पट्टी?'

'दर येळी मागून घ्यायच्या. कापूस न्हाई, काही न्हाई, नुसती पट्टी.'

मी मुक्कामाला भाच्याकडं परतलो आणि पत्र लिहायला घेतलं. ज्या समितीनं अभ्यासाला परवानगी दिली होती तिला, आणि निबंध छापणाऱ्या संपादकांना. लिहिताना एक गोष्ट सारखी टोचत होती. मी येत राहावं म्हणून तिनं हे केलं, हे कारण मला गोड लागत होतं. म्हणून त्याच्यावर मी संशय घेतला. कदाचित ती सुईला भीत असेल. कदाचित गावात आपल्या ओट्याला आलेला मान तिला सोडवत नसेल. कदाचित वडिलांचा रांजण तिलाही दिसत असेल आणि त्या रोगाचं नाव तिला आपल्या नंबरापुढं नको असेल. मला माहीत नाही, आणि विचारायला ती नाही. एवढं मात्र माहीत आहे की मला माझ्या अभ्यासासाठी नेमकी अशीच माणसं हवी होती: सडपातळ, कष्टाची, डोळ्यांदेखत रोगाकडं सरकणारी. त्यांच्या शोधात मी तिच्याच ओट्यावर बसत होतो, तिच्या हातची भाकरी खात होतो. ती किती बारीक झाली आहे हे मी बघितलं होतं. वय झालं, असं वाटलं. रक्ताचे आकडे चांगले होते ना.

पत्रात तिचं नाव लिहिता येत नाही, तो नियम आहे. म्हणून तिथंही ती 'सहभागी क्रमांक सात' आहे.

दुसऱ्या दिवशी मी मसुदा लॅबवाल्यांना वाचून दाखवला. क्षेत्रीय कर्मचाऱ्यावर ठेवलेला ठपका चुकीचा होता, त्याला या प्रकाराची कल्पना नव्हती, नमुन्यांची खात्री न करण्याची जबाबदारी माझी, परवानगीशिवाय एक तपासणी मी केली, निबंधातले आकडे मागे घ्यावेत.

'कल्पना नव्हती, हे खोडा,' ते म्हणाले.

'त्यानं तुमचंच नुकसान होईल.'

'होऊ द्या. व्हती मला कल्पना. काम चुकवायला केलं न्हाई, एवढंच लिवा. खोटं लिवून परत मला कशाला अडकवता?'

मी खोडलं. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं.

निघताना त्यांनी विचारलं, 'सर, तुमी सवताचं कधी तपासलं?'

मी आठवू लागलो. वडील गेले, बहीण गेली, आणि मी या रोगाचा अभ्यासक. आठवेना.

'उद्या या. च्या पिऊ नका.'

सकाळी मी उपाशी गेलो. त्यांनी दंडाला रबर बांधलं, शीर चाचपली, मग एकदम थांबून माझ्या तोंडाकडं बघितलं.

'तुमीच हाव ना बसलेले? न्हाई, इचारून घेतलेलं बरं.'

बाहेरच्या बाकावरच्या दोघी बाया काही न कळता हसल्या. मला हसू आलं नाही, पण रागही आला नाही. सुई गेली ते समजलं सुद्धा नाही. नळी भरली. ती बाजूला ठेवून त्यांनी दुसरी नळी उचलली आणि तिच्यावर वेगळा नंबर टाकायला पेन काढलं.

'ही कशाला?'

'तुमचीच पद्धत. माझ्या मशीनीवर तुमचा इश्वास बसायचा न्हाई.'

'एकच पुरे,' मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं, दुसरी नळी तशीच रिकामी ट्रेमध्ये ठेवली, सुई काढून कापूस दिला आणि पहिलीवर माझं पूर्ण नाव लिहिलं. पट्टी द्यायला लागले तेव्हा मी नको म्हणालो. बाहेर बाकावर त्या बायांच्या शेजारी बसलो आणि कापूस अंगठ्यानं दाबून धरला. मधून मधून उचलून बघत होतो. खाली टोचल्याची खूण होती.